हाजराबीची सुई

संध्याकाळी गल्लीतली पोरं माझ्या ओट्यावर गणितं सोडवायला येतात. त्या सोमवारी आफिफानं वही उघडलीच नाही.

"गुरुजी, जीप आली की आकडे निघतात अन् जीप गेली की परत लागतात. मग जीप येतेच काहून?"

थंडीत आमच्या गल्लीत बऱ्याच जणांच्या वायरी आकडा करून खांबावरच्या तारेला अडकवलेल्या असतात. मीटरशिवाय वीज, पाणी तापवायला. ही चोरीच, गुन्हाही दाखल होतो. पण वीज कंपनीच्या पथकाची जीप जवळा बाजारच्या फाट्यावर दिसली की इकडं फोन वाजतो.

"मला नक्की ठाऊक नाही," मी म्हणालो. "आधी मोजू, मग बोलू."

आफिफाला घाई होती. तिची दादी, हाजराबी, मोटरच्या मशीनवर शिवते. गुडघ्यांमुळं पायाची मशीन तिला जमत नाही. शाळेच्या गॅदरिंगचे बावीस झगे तिला शुक्रवारी दुपारपर्यंत द्यायचे होते. आकड्यांमुळं विजेचा दाब एवढा कमी की मशीन नुसती गुणगुणायची. हे काम हुकलं तर पुढच्या वर्षी ते हिंगोलीच्या दुकानात जाणार, हे मुख्याध्यापकांनी सांगूनच ठेवलं होतं.

मंगळवारी सकाळी आफिफा आणि चिन्मय गल्लीभर फिरले. अकरा आकडे. नऊ वाजता जीप आली, तेव्हा शून्य. साहेब चहा पिऊन गेले आणि पोरं शाळेला निघेपर्यंत पुन्हा अकरा.

"साहेबाला दिसलेच न्हाईत," चिन्मय म्हणाला.

"तुला कसे दिसले?"

"मी इथंच राहतो की."

बुधवारी सकाळी हाजराबी हातात सुई आणि दोरा घेऊन घराबाहेर पडली. पोरं मागोमाग. पहिलं घर ग्यानबाचं.

"बाबा, एवढा दोरा ओवून दे. घरात दिवा मिणमिणतो, डोळ्याला दिसत न्हाई. मशीन चालंना, हातानंच शिवून राहिले."

"चाची, शेजारी सोडून इतक्या लांब?"

"तुझ्या दारात उजेड हाय ना."

ग्यानबानं दोरा ओवला. ती दुवा देऊन निघाली आणि दोरा काढून पुढच्या घरी गेली. मागं ग्यानबाची बायको वर तारेकडं बघत राहिली. पोरं कोपऱ्यावर पोचायच्या आत ग्यानबा बांबू घेऊन बाहेर आला होता.

"दादी तर कुणाला काहीच बोलली न्हाई," आफिफा नंतर मला म्हणाली. "नऊ आकडे निघाले, गुरुजी."

"अकरातून नऊ गेले. राहिले दोन. कुणाचे?"

चिन्मय वहीत बघत राहिला. आफिफा ओट्याच्या फरशीकडं.

तेवढ्यात हाजराबीच दारात आली. "गुरुजी, एवढा दोरा ओवून द्या."

आमच्या घराचा आकडा सूनबाईनं टाकला होता. मला माहीत होतं. मी विचारलं नव्हतं. दोरा तीनदा सुईच्या बाजूनं गेला. चौथ्यांदा ओवला गेला. हाजराबी सुई घेऊन गेली आणि मी काठी शोधायला आत गेलो.

"मामंजी, पाणी कशावर तापवू?" दिपानं विचारलं.

"गॅसवर. मी गारच घेईन."

"आठच दिवस घ्याल," ती म्हणाली, पण काठी तिनंच आणून दिली.

अकरावा आकडा गुलाबचंदच्या दुकानाचा, थंड पेयांच्या फ्रीजसाठी. तो हिंगोलीहून गाडीनं येतो आणि दिवस मावळायच्या आत परत जातो. हाजराबीला तो उलट खूष होऊन म्हणाला, "चाची, कशाला तकलीफ? घ्या, सुयांचं नवं पाकीट. पैसे देऊ नका." आकडा जागेवरच राहिला.

"त्याला लाज न्हाई का, गुरुजी?" आफिफानं विचारलं.

उत्तर चिन्मयनंच दिलं. "त्याला आपल्या नळावर पाणी भरायला यावं लागत न्हाई."

मी त्याला शाबासकी दिली. असं उत्तर मला सुचलं नसतं.

दहा आकडे गेल्यावर मशीन चालू लागली. शुक्रवारी बाराला एकविसावा झगा झाला. बाविसाव्याची दुमड हाजराबीनं शाळेच्या पायरीवर बसून हातानं घातली. दोरा शाळेतल्या केतकीनं ओवून दिला, झगा तिचाच होता.

शनिवारी पोरं अर्ज लिहायला बसली. गुलाबचंदसाठी जीपच हवी, यावर दोघांचं एकमत झालं होतं, फक्त फोन न वाजता आलेली. सही माझी हवी होती.

"पण साहेब विचारतील, तुमचा होता का," आफिफा म्हणाली.

"विचारायच्या आधीच लिहू." मी पेन तिच्या हातात दिलं आणि पहिलं वाक्य सांगितलं: बुधवारपर्यंत माझ्या घराचाही आकडा होता.

तिनं ते सुवाच्य अक्षरात लिहिलं. मग थांबली.

"गुरुजी, झगे तर झाले. दादी आता सुई घेऊन फिरायची न्हाई. बाकीचे नऊ निघालेलेच राहतील?"

"तुला काय वाटतं?"

तिनं वहीचं कोरं पान काढलं, वर सोमवार लिहिलं आणि चिन्मयला म्हणाली, "सकाळी सातला ये. मोजू."