मैदानासमोरची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. नुसती खुर्ची नव्हे हां, दाढीची खुर्ची! खाली ओतीव लोखंडाचा पाय, बाजूला वर-खाली करायचा दांडा, मागे मान टेकायला उशी आणि अंगभर लाल रेक्झिन. म्हणजे एके काळी लाल. आता त्यावर इतक्या काळ्या चिकटपट्ट्या आहेत, की मूळ रंग कोणता यावर पैज लागावी. माझ्या शेजारी हल्ली एक नवी खुर्ची आली आहे. बटण दाबलं की ती आडवी होते. तिच्याबद्दल मी काही बोलत नाही. बोलण्यासारखं काही असलं तर ना!

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मला जोडणाऱ्या मिस्त्रीने शेवटचा बोल्ट आवळला, स्वतःच माझ्यावर बसला आणि एक गिरकी घेतली. "हिला काही होत नाही," असं म्हणून त्याने माझी पाठ थोपटली. तिथून मी या दुकानात आले. दुकान फुटबॉलच्या मैदानाच्या अगदी समोर, रस्ता ओलांडला की फाटक. पण माझं नशीब बघा. आरशात मला ते फाटक दिसतं, त्याची भिंत दिसते, आतलं गवत मात्र कधीच दिसलं नाही. गोल झाला की आधी गलका येतो, मग दुकानाच्या काचा थरथरतात, त्यावरून काय ते मी समजून घेते. कुणीतरी मला उचलून एकदा त्या गवताच्या कडेला ठेवावं, असं मला फार वाटायचं. अजूनही वाटतं.

दुकानाच्या मालकांना सगळे भाऊजी म्हणतात. त्याला कारण त्यांचा मेव्हणा. हा शहर बसचा ड्रायव्हर, म्हणून त्याचं नाव पडलं पायलट. तो दारातूनच "भाऊजी!" अशी आरोळी ठोकायचा, त्यामुळे बाकीची गिऱ्हाइकंही तेच म्हणू लागली. भाऊजींपेक्षा वयाने मोठे आजोबासुद्धा! बस घेऊन दुकानावरून जाताना पायलट दोनदा हॉर्न वाजवायचा आणि भाऊजी वस्तरा उंचावून उत्तर द्यायचे. तेव्हा माझ्यावर बसलेल्याचा जीव थोडा वर-खाली व्हायचा, पण तक्रार कोण करतो?

ते दिवस काय सांगू! सामना असला की सकाळपासून रांग लागायची. संघाचा धिप्पाड गोलरक्षक एकदा माझ्यावर बसल्या बसल्या घोरू लागला होता, आणि त्याची झोप मोडू नये म्हणून सगळं दुकान कुजबुजत बोलत होतं. संघ हरत राहिला की मात्र लोक शपथ घ्यायचे, जिंकेपर्यंत दाढी करायची नाही. भाऊजीही त्याच संघाचे, मग धंदा बसला तरी बोलणार कुणाला? सामन्याच्या दिवशी शेवटची दाढी ठरलेली, पायलटची. ती झाली की दुकानाला कुलूप घालून दोघं फाटकातून आत जायचे. आत त्यांच्या दोन जागा शेजारी शेजारी होत्या म्हणे.

मग ती अफवा आली. ती आणली रेडिओने. रेडिओ म्हणजे शेजारचा औषधवाला. त्याच्याकडे नेहमी आतल्या गोटातली पक्की बातमी असते, आणि ती दर आठवड्याला बदलते. त्या दिवशी सामना होता. पायलट माझ्यावर बसला होता, गळ्यापर्यंत कापड आणि तोंडभर साबण. रेडिओ म्हणाला, "क्लब विकला जातोय. बाहेरचा मोठा शेठ आहे. बसच्या शेवटच्या थांब्याच्याही पुढे नवं स्टेडियम बांधणार, आणि इथे समोर टोलेजंग इमारती."

"येऊ दे की!" पायलट साबणातून म्हणाला. "किती वर्षं खालच्या गटात लोळायचं? आपलं छत गळतं, डोक्यावर पिशवी धरून सामना बघतो आपण. पैसा आल्याशिवाय चांगले खेळाडू यायचे कुठून?"

"अरे, पण पैसा त्याचा आहे का?" भाऊजींनी एक गाल संपवला. "कर्ज काढणार बँकेतून, तेही क्लबच्या नावावर. मैदान गहाण टाकणार. फेडणार कोण? तू आणि मी, तिकिटातून."

"कर्ज काढल्याशिवाय कुणाचं घर तरी होतं का, भाऊजी? तुमचं झालं?"

"माझं घर मी गहाण टाकीन. हे मैदान काय त्याच्या बापाचं आहे?"

आवाज चढत गेले. रोजचंच होतं ते. अशी किती भांडणं माझ्या अंगावर झाली आणि हसण्यावारी गेली! पण त्या दिवशी पायलट म्हणाला, "तुम्हाला क्लबची काळजी नाहीच. दुकानाची आहे. मैदान हललं की गिऱ्हाईक जाईल, एवढंच दुखणं आहे तुमचं."

वस्तरा हवेतच थांबला. भाऊजी हळू बोलले, आणि तेच वाईट झालं. "आणि तुझं काय रे? जो तिकीट काढेल त्याला गाडीत घ्यायचं. आज हा मालक, उद्या तो."

पायलटने गळ्याचं कापड ओढून काढलं आणि तो उठला. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर साबण, तसाच तो भर रस्त्यात चालू लागला. रेडिओ ओरडला, "अहो, अर्धी राहिली!" कुणीही हसलं नाही. त्या दिवशी भाऊजी सामन्याला एकटेच गेले.

त्यानंतर बस दुकानावरून जायची, पण हॉर्न वाजायचा नाही. ती आरशात दिसली की भाऊजींचा हात क्षणभर थबकायचा. दुपारी त्यांची बायको डबा घेऊन यायची. पायलटची थोरली बहीण म्हणून तिलाही सगळे ताईच म्हणायचे. भाऊजी तिला आडून आडून विचारायचे, "काय म्हणतोय तुझा भाऊ?" ती फटकारायची, "मी काय तुमचा टेलिफोन आहे? घर दोन गल्ल्या सोडून आहे, जाऊन विचारा." भाऊजी म्हणायचे, "त्याने यावं. खुर्ची काय पळून चाललीय?" खरंच, मी कुठे जाणार होते? मी वाटच बघत होते. दार वाजलं की वाटायचं, आता आरोळी येईल. गिऱ्हाईक भलतंच असायचं.

ऋतूमागून ऋतू गेले. शेठ आज येणार, उद्या सही करणार, असं रेडिओ सांगत राहिला. शेवटी बँकेने कर्ज नाकारलं आणि शेठ जो गेला तो गेलाच. काही विकलं गेलं नाही, काही बांधलं गेलं नाही. ज्यावरून दोघांनी अबोला धरला ते मुळात घडलंच नाही! मला वाटलं, आता तरी कुणीतरी पहिलं पाऊल टाकेल. पण आधी कुणी, यावर दोघंही अडून बसले.

एक दिवस ताई डब्याशिवाय आली. तिचे डोळे सुजले होते. पायलटला अर्धांगवायूचा झटका आला होता. दवाखान्यातून त्याला घरी आणलं होतं, पण उजवा हात हलत नव्हता. "दाढी वाढलीय. माणूस बोलावला तर त्याला हाकलून दिलं," ती म्हणाली. "आता तरी चला हो."

भाऊजींनी वस्तरा, ब्रश आणि तुरटी पिशवीत टाकली. माझ्यावर एक गिऱ्हाईक बसलं होतं, त्याला तसंच सोडून ते निघाले. मलाही न्या, असं मी म्हणत होते. पण खुर्चीचं कोण ऐकतं?

संध्याकाळी ते परत आले आणि चक्क माझ्यावर बसले. इतक्या वर्षांत त्यांचं वजन मला पहिल्यांदाच कळलं. रेडिओ दारात उभा होता. भाऊजी त्याला म्हणाले, "साबण लावला तसा अडखळत विचारतो, मैदान आहे ना अजून? म्हटलं, आहे, आणि छतही गळतंय. तर हसला रे. अर्ध्याच तोंडाने, पण हसला. म्हटलं, चल, गाडी करतो, आपल्या खुर्चीवर छान दाढी करू. तर म्हणतो, भाऊजी, तीन मजले आहेत, आता नाही जमायचं." मग भाऊजी तोंड झाकून रडले. माझी उशी ओली झाली.

आता सामन्याच्या दिवशी ते लवकर कुलूप लावतात आणि पिशवी घेऊन पायलटच्या घरी जातात. तिथे दोघं पुन्हा कडाकडा भांडतात, असं ताई सांगते. मी इथे अंधारात गलका ऐकते. काचा थरथरतात. मला पायलटची फार आठवण येते.

मित्रांनो, माझं रेक्झिन फाटलंय, दांडा कुरकुरतो. कुणी तेल घातलं तर बरं वाटेल. पण ते राहू द्या. तुमचा कुणाशी अबोला असेल, तर आजच त्याच्या दाराशी जा. आधी कोण, हे मोजू नका. तो अजून जिना उतरू शकतोय, तोवर जा.