बोळा आणि माझी घरघर

मित्रांनो, मी एक जुनं वॉशिंग मशीन आहे. दोन टबांचं; एकात धुवायचं, दुसऱ्यात पिळायचं. कारखान्यातून निघालं तेव्हा मी पांढरंशुभ्र होतं. आता पत्रा पिवळा पडलाय आणि मोडलेल्या पायाखाली विटेचा तुकडा आहे.

मला आणणाऱ्या बाईंचं घराच्या पुढच्या खोलीत ब्युटी पार्लर आहे. त्यामुळे माझ्या वाट्याला आले पार्लरचे टॉवेल. केसांचा रंग, मेण, तेल आणि केस, केस, केस! माझी जाळी सारखी तुंबायची. पण त्या घाणीची मला कधी किळस आली नाही. ती कष्टाची घाण, पाण्याबरोबर निघून जाते.

सुरुवातीला माझं कोण कौतुक! बाई शेजारणींना बोलावून माझं झाकण उघडून दाखवायच्या. पुढे माझी घरघर वाढली. "आई, कान किटले गं याच्या आवाजाने," असं त्यांची मुलगी येता-जाता म्हणू लागली. शेवटी बिनआवाजाचं नवं मशीन आलं. ते अजून खोक्यातच होतं. दुसऱ्या दिवशी ते जोडायला येणारा माणूस मला भंगारात नेणार होता.

या घरात बोळा नावाचा कुत्रा आहे. पिल्लू असताना तो मळक्या टॉवेलांच्या ढिगात झोपला होता. बाईंनी त्याला टॉवेलाचा बोळा समजून उचललं आणि माझ्यात टाकणार तोच तो कुंईं करून ओरडला! तेव्हापासून हेच नाव पडलं. बोळा तसा कुणाला भीक घालत नाही, पण फटाका वाजला की त्याचं अवसान गळतं. मागे एकदा असाच घाबरून रस्त्यावर पळाला आणि गाडीखाली येता येता वाचला.

त्या संध्याकाळी कुठलीशी मॅच जिंकल्याचा आनंद उतू चालला होता. बाईंचे दीर फटाक्यांची पिशवी घेऊन आले. पहिल्याच आवाजाला बोळा पलंगाखाली शिरला.

"वहिनी, फार लाडावलाय तुम्ही याला. भीती अशी मोडायची असते!" असं म्हणून दिरांनी त्याला फरफटत बाहेर काढलं, गॅलरीच्या कठड्याला बांधलं आणि पलीकडच्या टोकाला माळ पेटवली.

न्हाणीघराच्या दारातून मी सगळं पाहत होतं. बोळा लटलटत होता. तोंडातून लाळ गळत होती. तो जागच्या जागी मुतला. आणि दीर? ते मोबाइलवर त्याचं चित्रण करत होते. "बघा, बघा, काय नाचतोय!"

शी! इतकी वर्षं मी लोकांची घाण धुतली, पण अशी किळस आली नव्हती कधी.

बाई पार्लरमधून रंगाचे हातमोजे न काढताच धावत आल्या आणि त्यांनी बोळाला सोडवलं. मग घरात दारं-खिडक्या लावल्या, टीव्ही बंद केला, सगळे गप्प बसले. चुकलं ते इथेच. त्या शांततेत बाहेरचा एकेक बार घरातच फुटल्यासारखा वाटू लागला. बोळा बाहेरच्या दारावर नखं मारू लागला. दार उघडलं असतं तर तो गेलाच असता.

"आता तुला धरून बसू, की उद्याचे टॉवेल धुऊ?" बाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या आणि त्यांनी माझं बटण फिरवलं.

मी घरघरू लागलं. बोळाचे कान वळले. तो धावत आला आणि माझ्या व भिंतीच्या मधल्या सांदीत शिरला. माझ्या पत्र्याला त्याने पाठ टेकवली. बाई शेजारी ओल्या फरशीवर बसल्या आणि त्याच्या अंगावरून हात फिरवत राहिल्या. हळूहळू त्याची धाप ओसरली. बाहेर बार झाला, तेव्हा नुसता एक कान हलला.

"आई, याला हीच घरघर हवी होती!" मुलगी कुजबुजली.

"वहिनी, चला, अजून अर्धी पिशवी आहे," दारातून दीर म्हणाले.

बाई उठल्या. त्यांनी दिरांच्या हातातून पिशवी घेतली आणि माझ्या नळीखालच्या काळ्या पाण्याच्या बादलीत अख्खी उपडी केली. "संपले, भावोजी."

सकाळी माणूस आला, तेव्हा बाई म्हणाल्या, "नवं जोडा. पण हे हलवायचं नाही."

आता टॉवेल नवं मशीन धुतं. बाहेर फटाके सुरू झाले की बोळा आपणहून माझ्यापाशी येतो, बाई बटण फिरवतात आणि मी रिकाम्या पोटी घरघरत राहतं. आयुष्यात इतकं चांगलं काम मी दुसरं केलेलं नाही.

मित्रांनो, घाबरलेल्या जिवाला धीट करायला जाऊ नका. त्याला आडोसा द्या आणि जवळ बसा. आणि एक सांगाल का? रंगाचा, तेलाचा, मेणाचा डाग कसा काढायचा हे मला ठाऊक आहे. पण दुसऱ्याच्या थरथरण्यावर हसणारा माणूस कशाने स्वच्छ होतो? कळलं तर लवकर कळवा. दीर रविवारी जेवायला येणार आहेत.