नळाला पांघरूण

इटलीच्या लढाईवरून भरमू परत आला, तेव्हा पावसाळा सरला होता. बेळगावच्या कॅम्पात एका बंगल्यावर त्याला माळीकाम मिळालं आणि राहायला मागची खोली. खोलीच्या दारातच नळ होता. त्याच्या बायकोला, गुणाबाईला, त्या नळाचं भारी अप्रूप. अनगोळला माहेरी तिनं जन्मभर आडाचंच पाणी शेंदलेलं.

पौषात थंडी पडली, तसा भरमू रोज तिन्हीसांजेला नळाच्या पाइपाला भाताचं पिंजर, म्हणजे वाळका पेंढा, गुंडाळू लागला. वर गोणपाट, त्यावर सुतळी. तोटी जराशी सैल ठेवायची, म्हणजे पाणी थेंब थेंब ठिबकत राहायचं. धुक्यात तो नळ कुंची घातलेल्या लेकरासारखा दिसायचा. बंगल्यावरची माणसं हसत. गुणाबाई हसली नाही, पण एका संध्याकाळी सुतळीचं टोक धरून तिनं हळूच कारण विचारलं.

तिकडच्या डोंगरात नळातलं पाणी गोठतं, भरमू सांगू लागला. फुगतं आणि लोखंडी पाइप फोडतं. पलटणीची माणसं ज्या म्हातारीच्या घरात उतरली होती, तिनं त्याला हे गुंडाळणं शिकवलं. ठिबकतं पाणी लवकर गोठत नाही, हेही तिनंच दाखवलं. ऐकता ऐकता गुणाबाईच्या डोळ्यांपुढे कापूस पिंजून अंथरावा तसा डोंगर पसरत गेला. कुठं पाखरू नाही, आवाज नाही.

"लई बर्फ पडला त्या राती मी नळ गुंडाळत बसलो," भरमू म्हणाला. "गुंजीचा मष्णू भाईर पहाऱ्यावर हुता. सकाळी बघतोय तर नळाला पाणी आलतं. मष्णू उठला न्हाय."

गुणाबाईनं पिंजरावर हात ठेवला.

"त्याच्या आईला ठावं हाय?"

"सरकारी तार गेली असंल."

"तारंत येवढं कुठं लिवत्यात?"

रविवारी दोघं आगगाडीनं गुंजीला गेली. मष्णूची आई अंगणात उन्हाला बसली होती. भरमूनं तिला सगळं सांगितलं, आपण आत उबेला होतो हेही. मग म्हातारीनं विचारलं, "बर्फ दिसतोय कसा रं बाबा?"

"उजेड सांडल्यावानी," भरमू म्हणाला. "पाय ठेवला तरी लई मऊ लागतोय."

"मग भ्याला नसंल त्यो," म्हातारी म्हणाली. भिंतीला धरून ती उठली आणि चूल पेटवायला आत गेली. गुणाबाई तिच्या मागोमाग गेली.