न दिलेली नक्कल

बन्सीधरने देवळात जाऊन बेलभंडार उचलला, तरी मानवतच्या त्या कापसाच्या जिनिंगमध्ये कुणी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. ठेवतील तरी कसा? शिवकुमारनेच सगळ्यांसमोर कॉम्प्युटरची नोंद वाचून दाखवली होती ना.

प्रकार असा झाला. गाठी बांधणाऱ्या प्रेसचं पुढचं गेट उघडं होतं, सटवाजी आत हात घालून अडकलेला कापूस ओढत होता, आणि प्रेस चालू झाली. त्याची दोन बोटं गेली. नोंद सांगत होती, गेट उघडं. उघड्या गेटवर प्रेस चालत नाही. चालवायची तर ऑपरेटरला चावी फिरवावी लागते. ऑपरेटर बन्सीधर. मालक आबासाहेबांनी तिथल्या तिथं निकाल लावला. सोमवारपर्यंत चूक लिहून दे, न्हाईतर पोलिसात देतो म्हणाले. बावीस वर्षं राबलेल्या माणसाला!

शिवकुमार गावातलाच, गुरुपादअप्पांचा मुलगा. पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करायचा आणि प्रेसचा प्रोग्राम त्याचाच. नोंद वाचून आला खरा, पण जेवण काही जाईना. तीन दिवस तो आपलंच काम उकरत बसला.

त्याच्या कामाची रीत सोपी होती. स्क्रीनवर चौकटी काढायच्या, रेघांनी जोडायच्या. त्यावरून प्रोग्राम आपोआप तयार होतो. एक चौकट पुढच्या-मागच्या गेटांवर लक्ष ठेवते, दुसरी प्रेस चालवते. पहिलीने दुसरीला मेसेज द्यायचा, म्हणजे माहितीची नक्कल करून तिच्या हातात ठेवायची. पण नक्कल करण्यात वेळ जात होता आणि चाचणीत प्रेस मागे पडत होती. मग या शहाण्याने नक्कलच काढून टाकली. माहिती कुठं लिहिली आहे तेवढा पत्ता पाठवला. चिठ्ठी द्यायची सोडून ‘फळ्यावर लिहिलंय, बघून घे’ म्हणावं, तसं. दुसरा बघायच्या आत फळा पुसला गेला तर? हा विचार त्याला शिवलाच नव्हता.

तेच झालं होतं. ‘पुढचं गेट उघडं’ असा मेसेज निघाला, नोंदही झाली. प्रेसने वाचायच्या आत त्याच जागेवर मागच्या गेटचं ‘बंद’ लिहिलं गेलं. प्रेसने बंद वाचलं आणि आपोआप दाब दिला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर घरात बसून नोंदी तपासतोय. शिवकुमारला स्वतःची किळस आली. गप्प बसलं तर कुणाला कळणार, हेही मनात येऊन गेलं. खोटं कशाला बोला.

सोमवारी सकाळी तो बन्सीधरच्या घरी गेला. मालनबाईने, बन्सीधरच्या बायकोने, पाणी दिलं. बन्सीधर बाजेवर बसला होता.

“मामा, लिहून देऊ नका.”

“दिलं की कालच,” बन्सीधर म्हणाला. “लय इचार केला. एवढी लोकं म्हनायलेत, कागद म्हनतोय. मीच फिरवली असंल चावी, ध्यानात न्हाई. सटवाजीचे पाय धरून आलो.”

खाली मान घालून शिवकुमारने सगळं सांगितलं. मालनबाई भिंतीला टेकून रडायला लागली. आता मामा आपल्याला मारणार, असंच शिवकुमारला वाटलं. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

बन्सीधर बाजेवरून उठला. मग म्हणाला, “हे तुजं काम आनिक कुठं बसवलंय?”

“पालमला. सोनपेठला.”

“तिथं आत्ता प्रेस चालू असतील?”

तीन दिवसांत हे शिवकुमारच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपलं काय होईल, बन्सीधरचं काय होईल, एवढंच घोळत होतं. घड्याळात साडेनऊ झाले होते. पाळी नऊला लागते.

“फोन लाव,” बन्सीधर म्हणाला.

नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा पालमचा फोरमन लागला, मागे प्रेसचा धडधडाट ऐकू येत होता.

“प्रेस बंद करा,” शिवकुमार म्हणाला. “आधी बंद करा. मी शिवकुमार बोलतोय, प्रोग्राम माझाच हाय, चूक माझी हाय.”

“जरा थांबा,” फोरमन म्हणाला, “एक मानूस आत वाकलाय.”