पडद्यामागून मोजलेली केबल

घर आणि गाळा यांच्यामध्ये एक दार होतं आणि दाराला जाड पडदा होता. पडद्यापुढे वेल्डिंग चाले, पडद्यामागे वेल्डिंगच्या केबली तयार होत. त्या कोण तयार करतं, हे गिऱ्हाइकांनी कधी विचारलं नाही आणि घरच्यांनी कधी सांगितलं नाही. दोघांचीही सोय होती.

केबली तयार करी ती या घरची धाकटी सून. तिचा नवरा त्या गाळ्यातला सर्वांत चांगला वेल्डर. तो होता तेव्हा दोघं शेजारी बसून रबर सोलत, तांब्याच्या तारा पिळत, टोकाला लग, म्हणजे जोडायची तांब्याची टोपी, बसवून दाबत. दोन वर्षांपूर्वी तो तापानं गेला आणि मोठ्यांनी ठरवलं, विधवा सुनेनं गाळ्यात पाऊल टाकायचं नाही. गिऱ्हाइकं काय म्हणतील? गिऱ्हाइकांना कुणी विचारलं नव्हतं. पण अशा बाबतीत लोक न विचारताच फार बोलतात. तिचे हात मात्र बाद झाले नव्हते. थोरल्या दिरांनी बसवलेला लग आठवड्यात सैल होई, तिचा वर्षानुवर्षं हलत नसे. तेव्हा वैधव्य पायांना येतं, हातांना नाही, असा सोयीचा शोध सासऱ्यांना लागला होता.

त्या दिवशी नेहमीसारखीच सकाळ होती. धाकटीनं घरातल्या सगळ्यांचे डबे भरले, दहा वर्षांच्या लेकीची वेणी घातली, कालच्या ढीगभर कपड्यांच्या घड्या घातल्या. तेवढ्यात गाळ्यात नवं पल्स मशीन आलं. साध्या मशीनचा प्रवाह एकसारखा वाहतो. हे मशीन सेकंदाला कितीतरी ठोके देतं, प्रवाह झपकन वर नेतं आणि खाली आणतं, म्हणून पातळ ॲल्युमिनियमलाही भोक पडत नाही. ॲल्युमिनियमच्या टाक्यांचं वर्षभराचं काम मिळणार होतं. फक्त दोन दिवसांनी काम देणाऱ्या कारखान्याचा तपासनीस येऊन जोड बघणार होता.

दिरांनी मशीनपासून टाकीपर्यंत पावलं टाकली. आठ मीटर.

“दहा सांग,” खुर्चीतून सासरे म्हणाले. “ऐनवेळी कमी पडायला नको.”

दिरांनी पडद्याआड तोंड घालून बायकोला सांगितलं, “बारा.”

थोरल्या जाऊबाईंना मागे एकदा केबल आखूड झाल्याबद्दल चारचौघांत बोलणी बसली होती. त्या धाकटीला म्हणाल्या, “पंधरा हवीय गं.”

“मशीन कुठे ठेवलंय, ताई? आणि टाकी?”

“मला काय कळतंय त्यातलं? तू काप बाई. कमी पडली तर माझा उद्धार होईल.”

आणि धाकटीनं? तिनंही दोन मीटर वाढवले. कमी केबलीचा दोष पडद्यामागेच येतो, हे तिलाही पाठ होतं. अशी आठाची सतरा झाली. मशीनकडून जाणारी सतरा, टाकीकडून परत येणारी सतरा.

जाडी मात्र तिनं कुणाचं न ऐकता निवडली. मशीनच्या काचेवर दीडशे अँपिअरचा आकडा दिसतो, म्हणून दिरांनी बारीक केबल मागितली होती. पण तो आकडा सरासरीचा. ठोका पडतो तेव्हा प्रवाह त्याच्या दुपटीवर जातो, आणि केबलीला तो ठोका सोसायचा असतो. सरासरीवर विसंबायचं, तर या घरातली माणसं रोज सात तास झोपतात. त्यात धाकटीचे चार तास कुणाला दिसत नाहीत.

मशीनबरोबर आलेलं पुस्तक पुरुषांनी खोक्यासकट घरात टाकलं होतं. ती ते चित्रं बघत, बोट ठेवून वाचत होती. तिनं जाऊबाईंकडून निरोप धाडला, “उरलेली गुंडाळून ठेवू नका म्हणावं. पुस्तकात वेटोळ्यावर फुली मारलीय.”

“आता पुस्तकं वाचून आम्हाला वेल्डिंग शिकवणार का?” दिरांचा आवाज पडद्यापार आला. उरलेली केबल त्यांनी मशीनच्या कडीला सापासारखी वेटोळी करून टांगली. गाळा कसा नीटनेटका दिसला!

जोड मात्र काही नीट येईना. ठिणग्या थुंकल्यासारख्या उडत, कडेला काजळी धरे, मध्येच भोक पडे. दिरांनी तार बदलली, गॅसची नळी बदलली, मशीन विकणाऱ्याला फोन करून शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बदलायचं काही उरलं नाही, तेव्हा सासरे हळूच म्हणाले, “केबलीला हात कुणाचे लागलेत, तेही बघा की.”

यंत्राचा दोष बाईत सापडला की पुरुषांना फार हलकं वाटतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाई मागच्या खोलीत आल्या. धाकटीकडे न बघता जमिनीवरचे रबराचे तुकडे वेचू लागल्या.

“तुला सोमवारी भावाकडे पोचवायचं म्हणतायत.”

“आम्हा दोघींना?”

“पोरगी राहील. घराचं रक्त आहे म्हणे.” जाऊबाई थांबल्या. पुढचं सांगायला त्यांनाच शरम वाटली. “आणि… जायच्या आधी दुसरी केबल करून दे म्हणाले. अकराला तपासनीस येतोय.”

धाकटीला रडू आलं नाही. रडायलाही थोडी ताकद लागते. ती उठली, टेप आणि पाना उचलला, पडदा सारला आणि उंबऱ्यात उभी राहिली.

“हे काय?” दीर दचकले. “आत जा तू!”

“जाते. पण न बघता केबल कापणार नाही. दोन वर्षं आंधळेपणानं कापली. मशीन कुठे, काम कुठे, ते बघून मोजीन.”

“माप सांगतो ना!”

“तुम्ही सांगता, मामंजी वाढवतात, ताई घाबरतात, मी घाबरते. म्हणून तिथे ते वेटोळं लटकलंय. ठोका त्यातच बोथट होतोय.”

सासरे उठले नाहीत. “गिऱ्हाईक यायची वेळ झालीय. चार लोकांत शोभा नको.”

“मग लवकर हो म्हणा, मामंजी. काम मी इथे येऊन करीन. मुलगी माझ्यापाशी राहील. भावाचा विषय पुन्हा नको. नाहीतर हा पाना तुमचा, केबल तुमची.”

घड्याळात सव्वादहा झाले होते. सासऱ्यांनी मशीनकडे पाहिलं, थोरल्या मुलाकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या भोकं पडलेल्या पत्र्याकडे पाहिलं. मग नुसता हात हलवला. ‘हो’ म्हणायला त्यांची जीभ वळली नाही.

“टेप मी धरते,” मागून जाऊबाई म्हणाल्या. नवऱ्यानं डोळे वटारले. त्यांनी टेपचं टोक टाकीशी नेऊन धरलं.

आठ मीटरही लागले नाहीत. मशीन थोडं सरकवल्यावर सहात भागलं. तिनं दोन्ही केबली कापल्या, नवे लग दाबले, आणि जाणारी नि येणारी केबल शेजारीशेजारी सरळ अंथरली. परतीच्या केबलीचा चिमटा दिरांनी स्टँडच्या रंगवलेल्या पायाला लावला होता. तिनं तो काढून टाकीच्याच उघड्या, घासून चकचकीत केलेल्या कडेला, जोडाजवळ लावला. मशीनवरचे नट अंगचा जोर लावून आवळले. एवढं करून ती दिरांना म्हणाली, “आता चालवा, भाऊजी.”

ठोक्यांचा आवाज एकसुरी, मधमाशीसारखा आला. जोडावर सारख्या अंतरानं खवले उमटत गेले. दीर चांगले वेल्डर होते, हे त्या घराला दोन दिवसांच्या फजितीनंतर पुन्हा कळलं.

तपासनीस अकराला आला. भिंग लावून जोड पाहिला, केबलीवरून नजर फिरवली, चिमटा हलवून बघितला आणि खिशातून पेन काढलं.

“केबलींची जोडणी कोणी केलीय? फॉर्मवर नाव लागतं.”

दिरांनी सवयीनं स्वतःचं नाव सांगितलं.

“त्यांनी नाही,” ती म्हणाली. थकलेल्या, साध्या आवाजात तिनं आपलं पूर्ण नाव सांगितलं.

खुर्चीतले सासरे मान वर करून इकडेतिकडे पाहू लागले. हे कोणाचं नाव, असं त्यांना क्षणभर खरंच वाटलं.