सोनकी फाट्याच्या पाण्याची चावी

मी चावी बोलतेय. कुलपाची नाजूक चावी डोळ्यांपुढे आणू नका. मी कमरेइतकी उंच, लोखंडी, वर आडवी मूठ आणि खाली चौकोनी तोंड. जमिनीतल्या खड्ड्यात पाण्याचा व्हॉल्व्ह असतो. त्यावर मला बसवून फिरवलं की नळांना पाणी येतं, उलटं फिरवलं की बंद. दिसायला मी ओबडधोबड आहे, पण माझा तोरा उतरवायला अजून कुणी जन्माला यायचंय.

माझा जन्म बारामतीतल्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. तिथून एसटीच्या टपावर पडून मी इंदापूर तालुक्यातल्या सोनकी गावात आले. सरपंच सर्जेरावांनी मला हळदकुंकू वाहिलं आणि चावडीत आपल्या खुर्चीमागे उभं केलं. तिथंच माझं डोकं पहिल्यांदा तापलं. चावी व्हॉल्व्हजवळ हवी की खुर्चीमागे?

याचं कारण फाटा. गावापासून दोन मैलांवर, मोठ्या रस्त्यालगत सोनकी फाटा ही वस्ती. पूर्वी मेंढरं घेऊन फिरणारी माणसं तिथं घरं बांधून राहिली, मग साखर कारखान्याचे कामगार आले, गॅरेज आलं, दवाखाना आला. बघता बघता फाटा गावापेक्षा मोठा झाला. सरकारदरबारी मात्र ती सोनकीची एक वाडीच. पंचायत गावात, सदस्य बहुतेक गावचे, दिवे गावात, गटारं गावात. फाट्याच्या वाट्याला एक दिवसाआड तासभर पाणी, तेही संध्याकाळी, सरपंचांची मर्जी असेल तर. मतं मागायची वेळ आली की हेच गावचे पुढारी फाट्याला आपलं लेकरू म्हणायचे.

पंच्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. बायांसाठी राखीव जागा आल्या आणि फाट्यावरून सिंधुबाई निवडून आली. सर्जेरावांना वाटलं, बाई सह्या करील आणि गप बसेल. तिनं पहिल्याच बैठकीत फाट्याला वेगळी ग्रामपंचायत मागितली. सर्जेराव हसले, पुढच्या बैठकीत चिडले, आणि तिनं पिच्छा सोडला नाही तेव्हा शेवटी ठराव ग्रामसभेपुढे ठेवणं त्यांना भाग पडलं.

सभेच्या दिवशी सकाळी त्यांनी पंचायतीचा शिपाई रामहरी याला बोलावलं.

"आज फाट्याला आत्ताच पाणी सोड. दुपारपतूर चालू ठेव."

"आज त्यांचा वार न्हाय, आबा."

"मी सांगतोय न्हवं?"

डाव सरळ होता. नळाला पाणी आलं की बाया घागरी सोडून सभेला येणार नाहीत, आणि फाट्याचे निम्मे पुरुष कारखान्यात पाळीवर. हात मोजले की ठराव पडणार. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण रामहरीनं फिरवलं आणि मला फिरावं लागलं.

फाट्यावर एकच पळापळ झाली. सभेला निघालेल्या बाया नेसल्या लुगड्यानिशी नळाकडे धावल्या. सिंधुबाई मात्र थेट नळांशेजारच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्याशी आली.

"रामहरी, आज कसलं पाणी?"

रामहरी खाली बघत राहिला. "मला इचारू नका, वैनी. सांगितलंय तसं करतोय."

तिला काय समजायचं ते समजलं. मागे वळून ती म्हणाली, "बायांनो, आज पाणी भरत बसलो, तर जल्मभर त्यांच्याच मर्जीनं भरायचं. चला."

तिची शेजारीण भागूबाई घागर कमरेवरून खाली ठेवीना. "आन पाणी वाहून जाऊ द्यायचं व्हय? पाप लागंल."

"वाहून कशापायी जाईल?" सिंधुबाईनं पदर खोचला, माझी मूठ धरली आणि व्हॉल्व्ह बंद केला. "टाकीतलं टाकीत ऱ्हाईल. चावी माझ्यासंगं येतीया."

रामहरीनं मला परत मागितलं नाही. खरं सांगते, त्या दिवशी मी पहिल्यांदा आनंदानं फिरले.

सोनकीत सुनांनी चावडीपुढून जाताना चपला हातात घ्यायच्या, अशी रीत. फाट्याच्या बाया त्या दिवशी चपला पायात ठेवूनच आल्या, पायरीशी काढल्या आणि वर चढून पुढच्या रांगेत बसल्या. सर्जेरावांचा तोल सुटला.

"फाट्याला पाणी सुटलंय. ते भरायचं सोडून हितं कशाला आलाय?"

"आज आमचा वार न्हाय, आबा," सिंधुबाई म्हणाली. "मग सुटलंय हे तुमाला कुणी सांगितलं?"

गावातलेच दोन म्हातारे तोंडावर उपरणं धरून हसले. ठराव मताला आला तेव्हा सिंधुबाईनं हात वर केला. त्या हातात मी होते. तिच्यामागे फाट्याचे हातच हात वर झाले आणि ठराव पास झाला.

पुढे तालुका, जिल्हा, मंत्रालय असे हेलपाटे झाले, तेव्हा कुठं फाट्याची पंचायत उभी राहिली. पत्र्याची एक खोली, सिंधुबाई सरपंच. राज्य काही फार मोठं नव्हतं. दिवाबत्ती, गटार, पाणी, घरपट्टी. बाकी सगळ्यासाठी वरच्यांपुढे हात जोडायचेच. पण नळ कधी सोडायचा, हे फाटा ठरवू लागला. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

आणि सिंधुबाईनं मला कुठं ठेवलं? आपल्या खुर्चीमागे.

मग एके दिवशी माळावरच्या टोकाच्या घरांतली कुशाबाई पंचायतीत आली. तिकडे नळ टाकलेत, पण तिकडचा व्हॉल्व्ह कुणी उघडत नव्हतं.

"आमच्याकडं कवा सोडताय?"

"बघू उद्या," सिंधुबाई मान वर न करता म्हणाली.

"हेच ऐकाया वेगळी पंचायत केली व्हय, बाई?"

कुशाबाई खुर्चीला वळसा घालून आली आणि तिनं मला उचललं. सिंधुबाई ताडकन उठली. तिचं तोंड लाल झालं होतं. मग ती हळूच खाली बसली.

"तोंड झिजलंय चावीचं," ती म्हणाली. "दाबून धर, मग फिरव."

तेव्हापासून मी पंचायतीच्या बाहेरच्या भिंतीला टेकून असते. उन्हापावसानं गंजलेय, पण तक्रार नाही. ज्याचा वार असेल त्यानं मला खुशाल उचलावं. मात्र पुन्हा कुणाच्या खुर्चीमागे उभी केलीत, तर व्हॉल्व्हवर अशी अडून बसेन की सारा फाटा लोंबकळला तरी ढिम्म फिरणार नाही.