न कापलेली दोन पानं

मित्रांनो, मी एक जुना अंक आहे. पॅरिसच्या एका जॅझ मासिकाचा, १९४९ सालचा. हल्ली अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या एका ग्रंथालयात असतो.

माझे संपादक मार्सेल जुन्या जॅझचे कट्टर भक्त. त्यांचाच शिष्य ल्युसियाँ नव्या, भरधाव जॅझच्या प्रेमात पडला आणि दोघांचं असं बिनसलं, की वर्षभर ते छापून एकमेकांचे वाभाडे काढत होते. वाचकांनीही बाह्या सरसावल्या. शेवटी ल्युसियाँनं आपली आवडती रेकॉर्ड गुरूंना पाठवली, 'एकदा ऐका' एवढंच लिहिलं, आणि तो अमेरिकेला निघून गेला.

मार्सेलनी ती तीनदा ऐकली. 'मी चुकलो. पोराचा कान माझ्यापेक्षा तयार आहे,' असं त्यांनी माझ्यात छापलं. मला फार अभिमान वाटला. पण अंक वाटले जाण्याआधीच मार्सेल वारले, मासिक बंद पडलं, माझी भावंडं रद्दीत गेली. मी तेवढा एका गठ्ठ्यातून इथे पोचलो. त्या काळी पानांच्या जोडलेल्या कडा वाचकानं सुरीनं कापायच्या असत. माझी शेवटची कड कुणी कापलीच नाही. पान सव्वीस आणि सत्तावीस, मार्सेलच्या त्या कबुलीसकट, आत मिटून राहिली.

गेल्या महिन्यात देवदत्त नावाच्या विद्यार्थ्यानं मला स्कॅन केलं. या भांडणावर संशोधन करणारी त्याची मैत्रीण स्वानंदी धावत आली.

"पंचवीसनंतर एकदम अठ्ठावीस?"

"मधली मिसिंग आहेत यार. कुणीतरी फाडली असणार."

"ल्युसियाँ आजोबा सत्त्याण्णवचे आहेत रे. मी भेटायला गेले की दर वेळी एवढंच विचारतात, मार्सेलनी ती रेकॉर्ड ऐकली होती का. मी एकदा चेक करू?"

"हात नको लावूस, कागद चुरतोय."

तिनं हात मागे घेतला. गुणी मुलगी. ज्याची ती वाट पाहत होती ते तिच्यापासून वीतभर अंतरावर होतं आणि मला साधं फडफडताही येईना.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली.

"सांगितलंस आजोबांना, पानं नाहीत म्हणून?" देवदत्तनं विचारलं.

"हो. म्हणाले, म्हणजे नाहीच ऐकली. मग रेकॉर्ड प्लेअर खोलीतून न्यायला लावला. रविवारी गेले."

देवदत्तनं मला हळुवार हातांनी नव्या खोक्यात ठेवलं.

मित्रांनो, जुने कागद जपा, असं सगळेच सांगतात. मला फार जपलंय. माझ्यासारखा कुणी तुमच्या हाती आला, तर चुरला तरी चालेल, आधी उघडून वाचा.